पिवळ्या बाणामागे, ओढ्याओढ्याने

आधीच सांगून टाकते. हे वाचून कुणाला सायकल उचलून बारामती-इंदापूरच्या ओढ्यांत जावंसं वाटलं, तर तो गुण त्या ओढ्यांचा. मी कुणाला बोलवायला लिहीत नाहीये. मी रागात लिहितेय. परत येऊन बरेच दिवस झाले, पण राग काही उतरलेला नाही, आणि तो उतरावा म्हणून मीही विशेष खटपट केलेली नाही.

"बारामतीत कसली आलीय माउंटन बाइक? तिकडे डोंगर तरी आहे का?" असं आमच्या शेजारच्या काकूंनी निघताना विचारलं होतं. पुण्याच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस दिसतो. उसाच्या पलीकडे तो जात नाही. उसाच्या पट्ट्यांमध्ये मुरमाचे उघडे माळ आहेत, आणि त्या माळांवरून नीरेकडे उतरणारे ओढे आहेत. माळावर उभं राहिलं तर काही दिसत नाही, नुसतं पिवळं गवत. चार पावलं पुढे जावं तर जमीन एकदम खाली जाते आणि पायाखाली झाडांचे शेंडे दिसतात. करंज, हिवर, बाभूळ, कडुनिंब, मधूनच एखादं जांभूळ. त्या झाडीतून मेंढरांनी आणि माणसांनी पाडलेली हातभर रुंदीची पायवाट. सायकलवाल्याला याहून जास्त काय हवं?

आमच्या सायकल ग्रुपला ही वाट सापडली. दिवाळीच्या सुमाराला ग्रुपमधली तरुण मंडळी जाऊन ती आखून आली. ओढ्यात फाटे फार, माणूस चुकतो, म्हणून त्यांनी झाडांच्या बुंध्यांवर पिवळ्या ऑइलपेंटने गोल काढले, गोलात बाण, बाणाखाली क्रमांक. कुणी पडलं-झडलं तर फोन करून सांगायचं, मी अमुक क्रमांकाच्या झाडापाशी आहे. रोहन नावाचा मुलगा ग्रुपचा म्होरक्या. मला "आंटी" म्हणतो, तेवढ्यावरूनच मला तो आवडत नाही, पण ही क्रमांकांची कल्पना मला आवडली होती. खोटं कशाला सांगू?

ग्रुपने सगळ्यांना पिवळे टी-शर्ट दिले होते. पाठीवर तोच गोल, तोच बाण, खाली एका थंड पेयाची जाहिरात. त्या रंगात मी कावीळ झाल्यासारखी दिसते. विनायक म्हणाला, "छान दिसतेस." विनायक माझा नवरा. निवृत्त झालाय, माझ्यासारखाच. त्याने आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. लोक त्याला सज्जन म्हणतात. त्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही.

बारामती ते पिंपळी

फेब्रुवारीचे दिवस. सकाळी बारामतीत मिसळ खाल्ली आणि निघालो. पहिला टप्पा वनखात्याच्या झाडीतला. ऊन अजून कोवळं होतं, वाट मऊ, उतार बेताचा. सायकल सोडून द्यायची, ब्रेकवर दोन बोटं ठेवायची आणि झाडं दोन्ही बाजूंनी मागे जाऊ द्यायची. वळणावर पिवळा गोल दिसला की "आहोत बरं का वाटेवर" असं वाटून बरं वाटायचं. एकदा माळावर चिंकारा दिसला. आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला. पुण्यातल्या कुत्र्यांना एवढा तोरा नसतो.

पुढे बाभळीचे काटे लागले. आधी माझी ट्यूब गेली, मग विनायकची, मग पुन्हा माझी. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून आत राहतो, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवायचं, बोटाला टोचला की सापडला. विनायक शांतपणे पंप मारत होता. मी बाभळीला, टायरला आणि विनायकच्या शांतपणाला शिव्या घालत होते. यात सकाळ गेली.

पिंपळीत चहाला थांबलो. टपरी साधीच. आम्ही सायकली टेकवल्या आणि जे झालं त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. बाकावरची माणसं उठली. कुणीतरी आतून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या, फडक्याने पुसल्या. मला "मॅडम", विनायकला "साहेब". चहाआधी पेरू कापून पुढे आले, तिखट-मीठ लावून. पुण्यात चहाच्या दुकानात पाणी मागितलं तरी माणूस बाटली विकत घ्यायला सांगतो. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत!

"साहेब लोकबी आता सायकलीवर येत्यात," एक म्हातारबाबा शेजारच्याला म्हणाले. "पर्यावरणाचं कायतरी काडलं आसंल वरनं."

मला गंमत वाटली. मी लक्ष दिलं नाही.

मग एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. पांढरा शर्ट, बुलेट, बोटात अंगठी. त्यांना सगळे तात्या म्हणत होते. लाकडाचा धंदा, असं त्यांनीच सांगितलं. आमच्या टी-शर्टांकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "साहेब, मग काम कवा सुरू?"

कसलं काम, असं कुणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं. माझ्या तोंडात पेरू कोंबलेला. विनायकने चहाचा कप खाली ठेवला, समोरच्याला बरं वाटावं अशा त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "लवकरच, लवकरच."

"इंदापूरच्या अंगालाबी?"

"हो, तिकडेच तर चाललोय."

तात्यांनी मान डोलावली आणि फोन कानाला लावत बाजूला गेले. चहाचे पैसे कुणी घेईना. पुढे निघाल्यावर मी विचारलं, "कसलं काम रे?" विनायक म्हणाला, "काय माहीत. वाईट दिसलं असतं नाही म्हणायला."

भवानीनगर

त्या रात्री भवानीनगरला माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीच्या भावाकडे उतरलो. कारखान्याचा सीझन ऐन भरात. गावात शिरतानाच मळीचा वास नाकात बसतो. मी दोनदा नाक दाबलं, तशी घरातली सून म्हणाली, "कसला वास?" तिला खरोखरच येत नव्हता. सवय झाली की माणसाला काहीच येत नाही. आमच्या पुण्यात धुराचं तसंच आहे.

रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. एका वळणावर मागच्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाने माझ्या हेल्मेटला असा फटका दिला, की मी सायकलसकट साइडपट्टीवर आडवी. लागलं नाही. ड्रायव्हरने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, गाणी जोरात लावलेली. त्याला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. घरी गरम भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी आणि वर ताक. झोप छान लागली. ती शेवटची चांगली झोप.

बुंधे

दुसऱ्या दिवशी वनखात्याची हद्द संपली. आता ओढा लोकांच्या शेतांमधून, बांधाबांधाने जात होता. एका बाजूला डाळिंबाच्या बागा, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये ओढ्याची झाडी. पहिलाच फाटा आला आणि बाण दिसेना. थोडं मागे आलो, पुढे गेलो. मग विनायकने खाली बोट दाखवलं.

करंजाचा बुंधा. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट कापलेला, भुसा अजून पिवळा. त्याच्या पोटावर आमचा गोल, आमचा बाण, खाली क्रमांक. झाड नव्हतं. बाण होता.

पुढच्या वळणावर कडुनिंबाचा बुंधा. त्याच्यावर बाण. त्याच्या पुढे जांभळाचा, एवढा रुंद, की दोघं पाठीला पाठ लावून बसलो असतो. त्याच्यावरही बाण. शेजारची बाभूळ उभी, हिवर उभा. त्यांच्यावर रंग नव्हता. ज्याच्यावर रंग, तेवढंच झाड नेमकं वेचून नेलेलं. सावली अशी मध्येमध्ये फाटलेली, आणि त्या भोकांतून ऊन थेट वाटेवर पडत होतं.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे मुद्दाम केलंय. शहरातली माणसं आपल्या ओढ्यात येतात याचा राग काढलाय झाडांवर. "हलकट लोक आहेत!" मी मोठ्याने म्हणाले. "काल पेरू काय खायला घातले, आणि मागून हे!" विनायक म्हणाला, "असं कसं म्हणतेस, काहीतरी कारण असेल." त्याने कारण असेल म्हटलं, की मला आणखी राग येतो.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडे एक बाई शेळ्या घेऊन येताना दिसली. मी हात वर करून थांबवलं. "ही झाडं कुणी तोडली?" माझा आवाज चढलेला होताच. बाईने आमच्या पिवळ्या अंगांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी न्हाय तोडलं, मॅडम. आमचा काय बी समंद न्हाय. शपथ घिऊन सांगते." आणि शेळ्या हाकत जवळजवळ पळालीच.

एक पन्नाशीची बाई दुसऱ्या बाईला इतकी घाबरलेली मी पूर्वी बघितली नव्हती. घाबरायचं कारण मी आहे, हे मला तेव्हा अजिबात आवडलं नाही. पण विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण पुढून आवाज आला. कटर मशीनचा. एकदा घरघरत चालू होतो, मग लाकडात शिरला की किंचाळतो. आम्ही सायकलींवर बसलो आणि त्या आवाजाच्या दिशेने सुटलो. दगड, खड्डे, काटे, काही बघितलं नाही.

चिंचेखाली

ओढ्याच्या काठावर, बांधाला लागून चिंचेचं झाड होतं. होतं म्हणजे अजून अर्धं होतं. वरच्या मोठ्या फांद्या खाली आलेल्या, पिकलेल्या तपकिरी चिंचांनी लगडलेल्या. दोन गडी वर चढलेले, एकाच्या हातात कटर. खाली पांढरा दुपट्टा घेतलेली एक म्हातारी पडलेल्या फांदीपाशी बसून घमेल्यात चिंचा तोडून टाकत होती. इतक्या घाईने तोडत होती, की जणू कुणी हिसकावून नेणार आहे. बाजूला कालचे तात्या बुलेटवर बसलेले. आणि एक चाळिशीचा माणूस हात मागे बांधून नुसता उभा.

"थांबा!" मी सायकल टाकून ओरडले. "आधी बंद करा ते!"

कटर बंद झाला. तो उभा असलेला माणूस लगबगीने पुढे आला. हात जोडले. "या साहेब, या मॅडम. आधी कळवलं आसतं तर खुर्च्या तरी टाकल्या आसत्या." मग बुंध्याकडे बोट करून, अगदी विश्वासाने, म्हणाला, "बगा, तुमचा नंबर जसाच्या तसा ठिवलाय. बुंध्याला आजून हात लावला न्हाय. मोजायचं आसंल तर मोजून घ्या."

त्याचं नाव शौकतभाई. डाळिंब आणि पेरूची बाग त्याची, ती म्हातारी त्याची आई, अमीनाचाची. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की हा माणूस त्याच्या हिशेबाने आम्हाला बरं वाटेल असं काहीतरी करतोय.

"हे झाड तोडायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो गोंधळला. "तुमीच की."

"आम्ही?"

"न्हाय म्हंजे, नंबर टाकला न्हवं? मोठा रस्ता रुंद झाला तवा रस्त्याकडंच्या वडांला, चिंचांला आसाच नंबर पडला व्हता. नंबर पडला का झाड गेलंच, मॅडम. ह्या इलाक्यात लेकराला बी ठावं हाय. माझ्या चुलत्याचं आंब्याचं झाड व्हतं, त्यो भांडत बसला. झाडबी गेलं आन् लाकूडबी गेलं. म्हून आमी म्हणलं, जायचंच हाय तर आपल्या हातानं जाऊ दे. वढा सरकारचा, बांध आमचा, झाड मदी. कुणाशी भांडायचं? तरी म्हणलं चिंचा उतरूस्तवर थांबावं. पर काल पिंपळीत साहेब सोता म्हणले, लवकरच म्हून. सांच्याला तात्यांचा फोन आला."

मी विनायककडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. वाटलं, हेल्मेट काढून त्याच्याच डोक्यात घालावं.

"अहो, हे सरकारचं नाहीये!" मी ओरडले. "रस्ता होणार नाही, कालवा होणार नाही, काही होणार नाही! हे सायकलवाल्यांनी रंगवलंय. सायकल चालवताना वाट चुकू नये म्हणून!"

मग तात्या हसले. "काय मॅडम, चेष्टा करता गरिबाची. सायकलीसाठी कोण झाडावर नंबर टाकतंय का?"

आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मलाही ते खोटंच वाटलं. तरीही मी फोन काढला, रोहनला लावला, स्पीकरवर ठेवला. ऑफिसात होता. दोन वाक्यांत सांगितलं. रोहन म्हणाला, "अरे बापरे. काका, ते आमचं मार्किंग आहे हो. फक्त ट्रेल कळावा म्हणून. पण तुम्ही झाडं का तोडताय? झाडं वाचवा ना काका! पर्यावरण बघा ना!"

शौकतभाई फोनकडे बघत राहिला. मी फोन कापला, नाहीतर तो मी ओढ्यात फेकला असता.

"फोनवर कुणीबी बोलंल," तात्या म्हणाले. "शौकत, माझी ट्रॉली आडकलीय. आर्दं काम झालंय. उद्या सरकारचा मानूस आला तर त्यो लाकूड सोडणार न्हाय, मग मला बोलायचं न्हाय. ए, चालू कर रे!"

वरच्या गड्याने दोरी ओढली. शौकतभाई एकदा माझ्याकडे बघे, एकदा बुंध्याकडे. त्याला माझ्यापेक्षा त्या रंगाचा भरवसा जास्त होता. दोष कसा द्यायचा? रंगाने त्याला आजवर कधी फसवलं नव्हतं.

तेव्हा अमीनाचाची उठली. गुडघ्यांवर हात टेकत माझ्यामागे आली, माझ्या खांद्याला धरून मला पाठमोरी केली आणि टी-शर्टच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट चिंचेने चिकट झालेलं.

"शौकत, हिकडं बग. झाडावर हाय त्येच हिच्या पाठीवर हाय. आन् खाली ही बाटली काडलीय सरबताची. सरकार आसं बाटली छापून फिरतंय व्हय रं?"

शौकतभाईने बघितलं. वरच्या गड्यांनीही वाकून बघितलं. कटरवाल्याने दोरी सोडून दिली.

मला सुटल्यासारखं वाटलं, पण चाचीने खांदा सोडला नव्हता. मला पुन्हा समोर वळवलं. डोळे रागाने भरलेले. माझा राग त्यापुढे काहीच नव्हता.

"म्हंजे तुमीच टाकला. मग टाकायच्या आदी इचारलं का न्हाय?"

"मी नाही टाकला, चाची. मी तर आज पहिल्यांदा—"

"आंगात तर त्येच घातलंय की."

आम्हाला विचारायचं सुचलंच नव्हतं, हे तिला कसं सांगायचं? ग्रुपमधल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं, की या झाडांना माणसं आहेत. आम्हाला ते जंगल वाटलं. जंगल म्हणजे कुणाचंच नाही. पुण्यात सोसायटीच्या जिन्यात कुणी खडूची रेघ मारली तर मीटिंग बोलावतो आम्ही. इथे बेधडक ऑइलपेंटचे डबे घेऊन फिरलो.

तात्यांनी शेवटचा प्रयत्न केला. लाकूड ठरलंय, शब्द झालाय, वगैरे. शौकतभाई डळमळला. भिडस्त माणूस, आमच्या घरातल्यासारखाच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विनायक पुढे गेला आणि चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

तात्या म्हणाले, "साहेब, तुमचा काय समंद?"

"मी साहेब नाही. काल तुम्ही विचारलंत काम कधी सुरू, मी म्हणालो लवकरच. मला काही माहीत नव्हतं. मी खोटं बोललो. आता खरं सांगतो. काही होणार नाहीये. तुम्ही हे झाड तोडायचं नाही." तो बाजूला झाला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा नाही ऐकलं, आणि तेही एका चिंचेसाठी. माझ्यासाठी कधी नाही. त्याचाही मला राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं.

तात्यांनी थोडी शिवीगाळ केली. पडलेल्या फांद्या मात्र सोडणार नाही म्हणाले. चाची म्हणाली, "फांद्या न्ये. चिंचा न्हाय मिळायच्या." मग सगळेच बसलो चिंचा तोडायला. चाची, शौकतभाई, आम्ही दोघं, झाडावरून उतरलेले ते दोन गडीही. कटरवाला गडी सर्वांत भरभर तोडत होता. ऊन डोक्यावर आलं, सावलीला फांदी उरली नव्हती.

ट्रॉली गेल्यावर मी सायकलच्या किटमधला टायर उचकटायचा लिव्हर काढला आणि बुंध्यावरचा रंग खरवडायला घेतला. ऑइलपेंट तो, नुसता निघतोय थोडाच? सालीचे तुकडे उडायला लागले. "सोडा, ताई," शौकतभाई म्हणाला. मॅडमची ताई झाले होते, एवढं त्या दिवसात बरं झालं. तो बागेतून बादली घेऊन आला. डाळिंबाच्या खोडांना किडीसाठी गेरू कालवून लावतात, तो गेरू. त्याने आमचा गोल, बाण, क्रमांक सगळं लाल करून टाकलं. मग शिडी लावून कापलेल्या फांद्यांच्या तोंडांना गेरू लावला, आईच्या जखमेला औषध लावावं तसा हळूहळू.

"फुटेल ना?" मी विचारलं.

"फुटंल की. चिंच मरत न्हाय आशी." तो खाली उतरला. "पर पुन्ना चिंचा धरायला लई वर्सं लागत्यात. अम्मीला काय आता बगायला मिळायच्या न्हाईत." चाची तिथेच होती. तिने ऐकलं, आणि चिंचेचं टरफल नखाने काढत राहिली.

जेवायला बसवलंच. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, हिरव्या मिरचीचा चिंच घातलेला ठेचा. इतक्या अपराधानंतर यांच्या ताटात जेवायचं? मी भाकरी मोडून नुसती बसले. चाची म्हणाली, "राग हाय त्यो हाय. भाकरीवर काडू नगंस. खा." मी खाल्लं. ठेचा इतका तिखट होता, की डोळ्यांतून पाणी आलं. आलेलं पाणी मी ठेच्यावरच ढकललं.

निघताना चाचीने जुन्या ओढणीच्या तुकड्यात चिंचा बांधून माझ्या हातात दिल्या. नको म्हटलं तर हाताला झटका देऊन पुन्हा दिल्या. बांधापर्यंत पोचवायला आली.

"परत येशील तर ये," ती म्हणाली. "सायकलीवर ये, चालत ये, कशी बी ये. पर आदी हितं बांधावर हुबी ऱ्हा आन् हाक मार. आमी हाक मारल्याबिगर कुणाच्या बांधाच्या आत पाय टाकत न्हाय. चोर टाकत्यात."

इंदापूर

इंदापूरला कसे पोचलो ते मला आठवत नाही. स्टँडवर ट्रकांची गर्दी, सायकली एका टेम्पोत टाकल्या, पुणं गाठलं. वाटेत विनायक एकदाच बोलला. "त्या जांभळाच्या मालकाला कुणी सांगायचं?" मी म्हटलं, "तूच सांग." आणि तो दुसऱ्या आठवड्यात खरंच गेला, एकटा, एसटीने. करंजाच्या, कडुनिंबाच्या, सगळ्यांच्या दारात गेला. काहींनी चहा दिला, एकाने हाकलून दिलं. ज्याने हाकललं त्याच्याबद्दल तो अजून आदराने बोलतो.

ग्रुपच्या मीटिंगला मी गेले. ओढणीतल्या चिंचा टेबलावर ओतल्या आणि सगळं सांगितलं. मुलं खाली बघत होती. वाईट मुलं नाहीत ती. रोहनलाही वाईट वाटलं, डोळे पाणावले होते त्याचे. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "आंटी, आपण तिथे वृक्षारोपण करू. मोठं करू. शंभर रोपं, बॅनर, सगळे टी-शर्ट घालून. शिवाय त्या भागात आता सावली कमी झालीये, तर पुढच्या सीझनला पलीकडच्या ओढ्यातून ट्रेल काढता येईल. तेवढा त्या शौकतकाकांचा फोन द्या ना. मी बोलून घेतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टेबलावरची चिंच उचलून तोंडात टाकली.

मी फोन दिला नाही. म्हटलं, बोलायचं असेल तर जा. सकाळची पहिली एसटी पकड, भवानीनगरच्या पुढे उतर, ओढ्याने चालत जा. बांध आला की थांब आणि हाक मार. कुणी ओ दिली तर पुढे जा. नाही दिली, तर उन्हात उभा राहा.